साणं झाकल्यावर

मृगाचे ढग सह्याद्रीवर दिसू लागले, की चाकण-खेडकडच्या धाब्याच्या घरांत एक काम आधी उरकलं जाई. कोणीतरी शिडी लावून वर चढायचं आणि साणं झाकायचं. साणं म्हणजे मातीच्या सपाट धाब्याला ठेवलेलं भोक. त्यातून चुलीचा धूर वर जायचा आणि त्याच वाटेनं उजेड खाली यायचा. भिंतीला खिडकी नसे. असलाच तर वीतभर झरोका. चोराची भीती होती, उन्हाळ्याची झळ होती आणि लाकूडही महाग. झाकायला फुटक्या रांजणाचा तुकडा, एखादी फरशी, पुढच्या काळात डालड्याचा डबा उकलून केलेला पत्रा. पाऊस आत येऊ नये म्हणून घरात येणारा एकुलता उजेड बंद करायचा, आणि मग दसऱ्यापर्यंत त्या अंधारात दळण, कांडण, स्वयंपाक, बाळंतपण सगळं करायचं.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास लिहिणारे लोक मोरया गोसावींपासून निघतात आणि थेट स्कूटर, ट्रकपाशी येतात. मधल्या काळात इथल्या बायका पावसाळ्यात काय बघून तांदूळ निवडत होत्या, हे कोणी लिहीत नाही. मी वायरमन माणूस. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलो आणि एका कंपनीच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये उभी नोकरी काढली. शॉपमध्ये उजेड मीटर लावून मोजायचो. लेथवर अमुक लक्स, इन्स्पेक्शनच्या टेबलावर तमुक लक्स. उजेडाचा इतिहास मला त्यामुळे दिव्यापासून सुरू झालेला दिसत नाही. तो भिंतीपासून सुरू होतो. दिवा फेकतो तो उजेड भिंत परत देते किंवा गिळून टाकते, आणि आमच्या भागातल्या जुन्या लोकांना हे मीटरशिवाय माहीत होतं.

आधी पाऊस समजून घ्या. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तिथून तळेगाव, देहूरोड करत चिंचवडला येईपर्यंत त्याचा जोर पार ओसरतो, आणि चाकणच्या पुढे शिक्रापूरकडे गेलात तर शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला दिसतो. एवढ्या रस्त्यात घरांची तऱ्हाही बदलत जायची. मावळात उतरती छपरं, आधी गवताची आणि मग कौलांची. पूर्वेला धाबी. मधल्या चिंचवड-आकुर्डी-भोसरीत दोन्ही. मावळाकडच्या घरांना पश्चिमेची झड मारायची, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला बाहेरून गोणपाट, पेंढा नाहीतर कारवीच्या ताट्या बांधत. भिंत वाचायची, पण झरोके झाकले जायचे. कौलारू घराला एक सोय होती. पन्नास कौलांत एक काचेचं कौल बसवता यायचं. ज्याच्या घरात ते चुलीच्या वर असे, त्या घरची सून नशीबवान. काचेवर शेवाळ धरलं की उजेड हिरवट व्हायचा आणि मग कोणालातरी पावसात वर चढून ते पुसावं लागायचं.

भिंतीकडे वळू. सगळ्यात खाली शेणाचं सारवण. त्याचा रंग गडद, उजेडाच्या दृष्टीनं वाईट, पण मातीला धरून ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. त्यावर पांढऱ्या मातीचा पोतेरा. आणि ज्याला परवडे त्याच्याकडे चुना. चुना देण्याचा खरा हंगाम दिवाळीचा, हे खरं. पण चिंचवडगावात आमच्या आळीत वैशाखात आतल्या भिंतींना एक हात मारून घ्यायची पद्धत होती. पाऊस लागला की चुना नीट धरत नाही. चुना रंगासारखा नुसता वाळत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. त्याला थोडा वेळ लागतो, आणि ओलीचिंब भिंत त्याच्या आड येते.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, कळीचा चुना आणायचे. मागच्या अंगणात अर्धा कापलेला पत्र्याचा ड्रम. त्यात खडे आणि वर पाणी. क्षणभर काहीच होत नसे. मग एक खडा फुटायचा, पाठोपाठ दुसरा, आणि बघता बघता पाणी खदखदायला लागायचं. वाफ डोळ्यांत जाऊ नये म्हणून आई आम्हा पोरांना पडवीच्या पलीकडे उभं करायची. रात्रभर तो विझत ठेवायचा. सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात खळ आणि मूठभर मीठ घालायचं, म्हणजे अंगाला लागत नाही. शेवटी निळीची चिमूट. ती घालण्याचं काम आईचं. अण्णांच्या हाताला नीळ जास्त जाई आणि मग भिंती आभाळासारख्या होत, ते तिला खपत नसे. कुंचा घायपाताचा, मोगरीनं ठेचून मऊ केलेला.

चुना लावताना भिंत उजळत नाही. ओला चुना पाण्यासारखा पारदर्शक दिसतो, खालचे डाग जसेच्या तसे. नवखा माणूस घाबरून दुसरा, तिसरा हात मारत बसतो आणि मग पापुद्रे सुटतात. अण्णा एक पातळ हात मारून विडी ओढत बसायचे. दुपार कलली की कोपऱ्यांतून पांढरेपणा वर यायला लागायचा आणि संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी खोली वेगळीच झालेली असायची. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत मात्र चुना नसे. तिथं काव. तो लाल पट्टा पुष्कळांना नक्षी वाटतो. खरं कारण असं, की ओल जमिनीतून वर चढते आणि पावलांचा चिखल खालीच उडतो. डाग लपवायचे ते खाली, उजेड फेकायचा तो वरून. ताजा चुना त्याच्यावर पडलेल्या उजेडातला सत्तर ते ऐंशी टक्के परत देतो, हे मी नंतर पुस्तकात वाचलं.

चुन्याची दुसरी गोष्ट तेवढी गोड नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला आणि प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली घरझडतीची पथकं फिरू लागली. सोजीर घरात घुसून आजारी माणसं शोधत, सामान बाहेर काढून जाळत, आणि त्यांच्यामागून चुना फासणारी पथकं येत. मुंबईत तर अंधाऱ्या घरांची कौलं उतरवून आत ऊन सोडलं गेलं. सरकारच्या डोक्यात उजेड म्हणजे औषध होतं, आणि शास्त्राच्या अंगानं ते अगदीच चूक नव्हतं. पण देवघरात बूट घालून शिरून दिलेला चुना आणि वैशाखात अण्णांनी दिलेला चुना, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू चिंचवडचे. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून रँड गणेशखिंडीतून परतत होता, तेव्हा चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. राजनिष्ठेची आतषबाजी त्या रात्री सगळ्या शहराला दिसत होती. चिंचवडगावात चापेकर वाडा आज स्मारक म्हणून उभा आहे. मुलांना दाखवायला नेलंत तर भिंतींतल्या देवळ्यांकडेही लक्ष द्या. वाड्यातला उजेड चौकातून यायचा आणि रात्रीचा दिवा देवळीत बसायचा.

दिव्याची काच ही आमच्या पट्ट्याची जुनी ओळख आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय परदेशात काचेचं तंत्र शिकून आले होते, त्यांनी तो चालवला, आणि कारखान्याबरोबर काच करायला शिकवण्याचीही सोय केली. तोवर दिव्याची चांगली काच म्हणजे आगबोटीतून आलेली. पुढे १९१६ साली औंध संस्थानात, कराडजवळ, ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील गावोगाव पोचला. आमच्या घरी तो होता. त्याची काच पुसायचं काम लहान मुलांचं, कारण मोठ्यांचा हात आत जात नसे. आधी राख, मग कोरडं फडकं, शेवटी वर्तमानपत्राचा बोळा. गळक्या छपरातला एक थेंब तापलेल्या काचेवर पडला की टक्कन आवाज आणि काचेला उभी चीर. म्हणून पावसाळ्यात कंदील कुठं टांगायचा, हे गळती बघून ठरे.

आषाढातल्या दिव्याच्या आवसेकडे मी मेंटेनन्सच्या माणसाच्या नजरेनं बघतो. कंपनी वर्षातून एकदा मशिनं बंद ठेवून सगळं उघडून, पुसून, तेल घालून बघते, तसा हा घरातल्या दिव्यांचा वार्षिक शटडाउन होता. समया, निरांजनं, लामणदिवा, कंदील, चिमणी, झाडून सगळे दिवे बाहेर काढायचे. चिंच आणि राख लावून घासायचे, काजळी खरवडायची, वाती बदलायच्या, रॉकेलची टाकी झिरपते का बघायची. मग पाटावर मांडून, भोवती रांगोळी काढून पूजा, आणि कणकेचे गोड दिवे वाफवून तुपाबरोबर खायचे. पुढे श्रावण, म्हणजे ढगांचा आणि सणांचा महिना. भिंतीवर जिवतीचा कागद लागणार, नागपंचमीला गंधानं नाग निघणार, आणि हे सगळं दिसायला उजेड पाहिजे. आता आमच्याकडे ती तिथी ‘गटारी’ या दुसऱ्याच नावानं गाजते. त्या संध्याकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग वल्लभनगरपर्यंत जाते की काय असं वाटतं. माझी तक्रार नाही, पण दिवे घासायला कोणी तरी घरी राहायला हवं.

१९४७ नंतर सिंधी निर्वासित पिंपरीला आले, कॅम्प वसला. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली आणि पुढच्या वर्षी पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागलं. इथं मला दरवेळी हसू येतं. त्या काळातल्या चाळीत, क्वार्टरमध्ये, गावठाणात आषाढभर एकच लढाई चालू असायची, ती भिंतीवरच्या बुरशीशी. आणि रेल्वेलाइनच्या शेजारी, मोठमोठ्या टाक्यांत, सरकार पेनिसिलीनसाठी तिच्याच जातीची बुरशी हवा आणि साखर देऊन पोसत होतं. त्याहून गंमत म्हणजे तिथल्याच शास्त्रज्ञांनी, थिरुमलाचार यांच्या गटानं, १९६१ साली हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं, आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून निघालं त्याला पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असं नाव दिलं गेलं. माणसाच्या बुरशीवर औषध पिंपरीनं दिलं, भिंतीच्या बुरशीवर मात्र चुनाच. चुन्यात ती जगत नाही, आणि चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर सोडते. पुढे ऑइल पेंट आला, डिस्टेंपर आला, प्लॅस्टिक पेंट आला. कोरड्या भिंतीवर ते देखणे दिसतात. ओल्या भिंतीवर मात्र ते ओल कोंडून धरतात आणि जुलैअखेरीस फुगे येऊन पोपडे पडतात. रंगारी मग सांगतो, ‘साहेब, माल चांगला होता, भिंतच खराब आहे.’

साठीच्या दशकात एमआयडीसी आली, मोठे कारखाने आले, आणि १९७० साली नगरपालिका झाली. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाडा, नगर, सोलापूरकडची माणसं इकडे लोटली. त्याच वर्षी नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, निगडी-आकुर्डीला आखीव घरं उभी राहू लागली. पण बहुतेकांच्या वाट्याला आली ती दहा बाय दहाची, पत्र्याची, एक दार असलेली भाड्याची खोली. भोसरी, कुदळवाडी, चिखली इथं अशा खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. तिथं उजेडाचा प्रश्न वेगळाच होऊन बसला, आणि तो पाळीचा प्रश्न होता.

नवरा तिसऱ्या पाळीहून सकाळी येतो. त्याला झोपायला अंधार हवा. बायकोला त्याच खोलीत डाळ निवडायची आहे, पोराला गृहपाठ करायचा आहे. उन्हाळ्यात ती दाराबाहेर ओट्यावर बसते. पावसाळ्यात बाहेर चिखल, वर पत्र्यावर पावसाचा ताशा, आणि दार उघडलं की झड आत. मग खोलीच्या मधोमध दोरी बांधून जुनं लुगडं टाकायचं. लुगड्याच्या अलीकडे रात्र, पलीकडे दिवस. आमच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही अशीच काढली. आमच्या हिनं त्या पलीकडच्या अर्ध्या भागाला स्वतः चुना दिला होता आणि माझ्या बाजूच्या भिंती तशाच मातकट ठेवल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाली, ‘तुमच्या बाजूला उजेड कशाला? झोपायचंच तर आहे.’ प्रकाशयोजनेवरची इतकी नेमकी आखणी मी कंपनीच्या ड्रॉइंगमध्येही क्वचित पाहिली.

आमच्या शेजारच्यानं पत्र्याच्या छपरात एक फायबरचा पत्रा घातला होता. कल्पना त्याला शॉपमधूनच सुचली. जुन्या कारखान्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी असतात. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन आत येत नाही पण दिवसभर सारखा उजेड मिळतो. आठ तास त्या छपराखाली उभा राहिलेला माणूस आपल्या खोलीच्या छपराकडे वेगळ्या नजरेनं बघणारच. काचेचं कौल गेलं होतं, ते फायबरच्या पत्र्यातून परत आलं. आज खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी, निघोजे इथं कंत्राटी पोरांच्या खोल्या आहेत. चार-पाच जण, तीन पाळ्या, एकाची गादी गार होण्याआधी दुसरा येऊन पडतो. तिथल्या छपरांत असा पत्रा क्वचितच दिसतो, कारण तिथं दिवसासुद्धा कोणीतरी झोपलेलं असतंच.

विजेचं सांगायचं तर आधी साठचा पिवळा बल्ब, मग चाळीस वॅटची ट्यूब. ट्यूब आली तेव्हा लोक खोलीत बसून नुसते वर बघत. साठच्या बल्बच्या तिप्पट उजेड आणि वीज कमी. पण पावसाळ्यात व्होल्टेज पडलं की चोक गुणगुणायचा, स्टार्टर लुकलुकायचा आणि ट्यूब पेटायचं नाव घेत नसे. झिरोचा बल्ब नावापुरताच शून्य होता, तो बारा-पंधरा वॅट ओढायचा. जुन्या मीटरला तेवढं कळत नसे, म्हणून लोक त्याला फुकट समजायचे. घराघरात या वायरी फिरत होत्या त्यातल्या कितीतरी पिंपरीच्याच. सिंधमधून आलेल्या प्रल्हाद छाब्रिया यांची फिनोलेक्स केबल्स इथलीच. आणि दिवे, माळा, पडदे घ्यायला आजही मंडळी पिंपरी कॅम्पात शगुन चौकाकडेच वळतात.

गणपतीत कारखान्यांतलं कसब घराघरात उतरायचं. फिटर, टर्नर, वायरमन यांच्या घरचा देखावा हलता असायचा. वायपरच्या मोटरवर फिरणारं चक्र, मागे मिरचीच्या माळा. त्या माळा सिरीजमध्ये, एक बल्ब गेला की सगळी ओळ ठप्प, आणि घरचा कर्ता आरतीच्या वेळी एकेक बल्ब काढून तपासत बसलेला. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत थर्माकोल गेला ते बरं झालं. पांढरा असला तरी त्याचा उजेड मला कधी आवडला नाही.

या शतकाच्या सुरुवातीला भारनियमन आलं. २००६ साली पुण्यात एक वेगळी तडजोड झाली. उद्योगांनी आपले डिझेल जनरेटर गर्दीच्या वेळी चालवायचे, तेवढी ग्रिडची वीज घरांना सोडायची आणि त्यासाठी ग्राहकांनी युनिटमागे जादा आकार भरायचा. शहरात दिवे राहिले. चाकण-खेडकडच्या गावांत तेव्हा कंदील पुन्हा खुंटीवर आले होते. म्हणजे एकाच पट्ट्यात, एकाच पावसात, अलीकडे लख्ख आणि पलीकडे साण्याच्या काळातला अंधार. पुढे तीनेक वर्षांत चाकणला परदेशी मोटारींचे कारखाने उभे राहिले.

२०१५ नंतर एलईडी स्वस्त झाला आणि उजेडाची टंचाई एकदाची संपली. नऊ वॅटचा दिवा जुन्या साठच्या बल्बला मागे टाकतो. तरी रावेत-वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये जुलैच्या दुपारी जातो तेव्हा मला कोंदटल्यासारखं होतं. भिंती राखाडी, सोफा राखाडी, कपाटांचं लॅमिनेट काळपट, वर फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेल्या पट्ट्या. बाहेर चार महिने आभाळ राखाडी असतं, त्यात पैसे देऊन तोच रंग घरात आणायचा हे मला समजलेलं नाही. मधला राखाडी रंग वीस-तीस टक्केच उजेड परत देतो. उरलेला भिंत खाते आणि बिल तुम्ही भरता. दिवे वाढवण्याआधी छत आणि खिडकीसमोरची भिंत पांढरी करा, आधी ओल कुठून येते ते शोधून बंद करा, आणि हे सगळं मे महिन्यात करा. पावसात रंगारी बोलावला तर तो येईल, पण रंग टिकणार नाही.

आणि एक वायरमन म्हणून सांगतो. ओल्या भिंतीतल्या बोर्डवर गणपतीच्या माळेचा प्लग लावू नका. आज संध्याकाळी मेन बोर्डपाशी जा आणि वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघा. खटका पडला नाही, तर उद्याच वायरमनला बोलवा.